बिल्ला ज्याचा त्यानं काढायचा

१ मे
पोचलो बाई एकदाच्या! नातीनं ही वही दिली आणि बजावलं, रोज तारीख घालून लिहायचं, इथं सगळे तसंच करतात. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नये. कॉलेजच्या चार पोरापोरींना इथं उन्हाळाभर समुद्राचं संशोधन शिकवतात. त्यात आमची निवड झाली! आमची म्हणजे तिची. माझा पोरगा म्हणाला, एकटीनं नाही जायचं. मी म्हटलं, मी जाते तिथं स्वयंपाकाला, आता बोल. मग तिकिटं त्यानंच काढून दिली. खोलीतून पाणी दिसतं. कॉट कुरकुरते, अगदी माझ्या गुडघ्यांसारखी.

४ मे
पाण्याखाली गवताचं कुरण असतं म्हणे! पोरं पाठीला हवेची टाकी बांधून उतरतात, खाली चौकट ठेवतात आणि तिच्यात पाती किती, गोगलगायी किती ते मोजून आणतात. मी जन्मभर तांदूळ निवडले, तेही संशोधनच की.
व्हरांड्यात खिळ्यांची फळी आहे. पाण्यात जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला टांगायचा, वर आल्यावर ज्याचा त्यानं काढायचा. म्हणजे खाली कोण राहिलं ते कळतं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असं मोठ्या बाईंनी ठणकावून सांगितलंय. इथलं सगळं त्याच बघतात. फळीवर लक्ष माझं! मलाही एक कोरा बिल्ला मिळाला. नातीनं त्यावर 'म्हातारी' कोरलं. कार्टीनं जन्मात कधी आजी म्हटलं नाही, सदा 'म्हातारे'.

९ मे
त्या पोरांतला लंबू आज वर आला नि बिल्ला न काढताच निघाला. हटकलं तर गोड हसला, म्हणाला आजी, तुम्हीच काढा. हात पिठाचे होते, तरी काढला. सावलीत असून पितळ गरम होतं, माणसाच्या तळव्यासारखं. हातात आलं नि एकदम गार पडलं. तीनदा वाढून घेणारा पोरगा, आज ताटाला शिवला नाही.

११ मे
लंबूचे केस अजून ओलेच. बसतो तिथं डबकं. बाई म्हणतात, उन्हानं होतं असं. उन्हानं माणूस वाळतो, भिजत नाही, असं तोंडावर सांगितलं मी त्यांना.

१२ मे
दुपारी नात वर आली. फळीपाशी थांबली नाही. आजी, तू काढतेस का, म्हणाली.
आजी!
हात धरून खिळ्याकडे ओढला. मागे सरली. तळवा उघडून पाहिला, एकही रेघ नाही. ह्या हाताला धरून चालायला शिकवलंय मी.
तिच्या बिल्ल्याला बोट लावलं. गरम आहे. म्हणजे माझी पोर खाली आहे, जिवंत आहे. आणि लंबूचा तर मी — नाही. त्यासाठी नंतर रडेन.

१३ मे
तो बिनरेघांचा तळवा बाईंना दाखवला, तेव्हा त्या शोधायला उतरल्या. आल्या. बिल्ला काढला नाही. उरलेले दोघंही तसेच.
सगळे समोर बसलेत, ओले, हसत. आजी, काढा. आजी, काढा ना. यांना स्वतःला काढता येत नाही, कळलंय मला. लाटणं घेऊन फळीपुढे खुर्ची टाकलीय. या की पुढे, म्हटलं.
माझा पोरगा फोन करताच निघालाय, पण दोन दिवस लागतील. तोवर नातीचा बिल्ला — कोमट झालाय.

१४ मे, सकाळ
पोरा, ही वही तुझ्यासाठी.
माझा बिल्ला टांगलाय. लहानपणी बुड्या मारून विहिरींचे तळ गाठलेत मी, तुला कधी सांगितलं नाही.
फळीला हात लावू नकोस. कुणाचाच बिल्ला नाही. मी येऊन गोड बोलले तरी नाही. मी कधी गोड बोलते का तुझ्याशी? खरी असेन तर माझा मी काढेन, वर तुला चार शब्द —
थांब.
पाण्यातून हाक आली. म्हातारे, अशी.
आले गं, कार्टे! तोंड वर ठेव, मी —