नक्कल मागणाऱ्याचा संबंध

मी, मार्था शांतवन भिंगारदिवे, वय वर्षे चोवीस, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार मौजे निंबोडखेड, पेटा सांगवण, जिल्हा अहमदनगर, आज आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. असे वाक्य घालण्याची रीत आहेच; पण महालकरी कचेरीत नकलेच्या खिडकीशी मला "बाई, डोके ठिकाणावर आहे ना?" असे चार लोकांदेखत विचारण्यात आले होते, त्याचे लेखी उत्तर म्हणूनही ते वाचावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मला कोणी पढवलेले नाही. आमच्या घरात मला पढवील इतके माझ्याआधी कोणी शिकलेलेच नाही.

माझ्या पोटात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात मिशनच्या दवाखान्यात ती कापून काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिऊ नकोस." मी भ्यायले आहे. म्हणून आधी सर्व लिहून ठेवते, कारण न लिहिलेल्या गोष्टीचे आमच्या गावात काय होते ते मी पाहिले आहे.

कलम पहिले. या मृत्युपत्राची व्यवस्था माझा धाकटा भाऊ याकोब याने पाहावी. तो पलटणीतून नुकताच परत आला आहे. त्याला सही येते, वाचन जेमतेम येते आणि राग माझ्याइतकाच येतो. माझा राग कागदावर उतरतो. त्याला ती सोय नाही, म्हणून त्याचा हातात उतरतो. सबब अट घालते की, याकोबने बन्सी धोंडी वाबळे याच्या अंगावर हात टाकल्यास कलम दुसरे रद्द समजावे आणि ते सर्व वडिलांना जावे. बन्सी कोण ते पुढे येईल.

कलम दुसरे. पोस्टात माझी जी बचत असेल ती याकोबला. ती आधी नकलेच्या अर्जांसाठी व तिकिटांसाठी खर्चावी, उरेल त्यातून त्याने लग्न करावे. हा क्रम बदलू नये. माझा टाक आणि दौतही त्यालाच. दौतीचे झाकण घट्ट बसत नाही, पिशवीत आडवी ठेवू नये.

कलम तिसरे. वडील शांतवन यांना माझी लोकरी शाल, कंदील आणि कोंबड्या. कोंबड्या त्यांनी स्वतःसाठी ठेवाव्यात. माझा पहिला अर्ज पुढे सरकावा म्हणून त्यांनी मला न सांगता कचेरीच्या शिपायाला एक कोंबडी नेऊन दिली होती. कोंबडी गेली, अर्ज होता तिथेच राहिला. वडिलांना मी दोष देत नाही. ते म्हणतात, "सायबाच्या नादी लागू नको पोरी. मेलेल्या मानसाची जागा देवाला ठावं असती." असेल. पण नांगर देव धरत नाही, बन्सी धरतो.

कलम चौथे. मला माझ्या आईशेजारी पुरावे. एवढ्यावर भागले असते तर हे मृत्युपत्र एका पानात संपले असते. पण आई आहे ती जागा सरकारदप्तरी काय म्हणून लिहिली आहे, हे मला कोणी सांगत नाही. म्हणून पुढचे लिहावे लागते.

आजोबांच्या वेळी गावातील पहिली घरे ख्रिस्ती झाली, तेव्हा गावाने त्यांना पुरायला जागा दिली नाही. मग त्या वेळच्या कलेक्टरसाहेबांनी ओढ्याकाठचा पडीक तुकडा आमच्या लोकांना तोडून दिला, असे म्हातारी माणसे सांगतात. तो हुकूम मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, म्हणून "सांगतात" असे लिहिले. तो पाहायला मिळावा एवढीच माझी मागणी आहे.

आई वारली तेव्हा मी चौथीत होते. वडाराने विचारले, दगडावर काय कोरू? घरात अक्षर येणारी मी एकटीच. मी खडूने "सारा" लिहून दिले आणि त्याने त्यावरून छिन्नी चालवली. त्यातला "रा" तिरका आहे. तिरकेपणा माझा आहे, वडाराचा नाही.

परवाच्या साली बन्सीने तो तुकडा नांगरला. कबरींचे दगड उचलून बांधाच्या दगडी तालीत घातले. मी शाळेतून तशीच धावत गेले. तो नांगर थांबवून म्हणाला, "मास्तरीणबाई, कुळकर्ण्यानं पडीक म्हनून लावायला दिलीया मला. तुमच्याकडं कागद असंल तर दावा, आत्ता बैल सोडतो."

मी म्हणाले, "बन्सी, तिथं माझी आई आहे."

"आसंल की. पर उताऱ्यावर न्हाई ना तुमची आई!"

बरोबरचे गडी हसले. मला त्याच जागी कळले की येथे रडून काही होणार नाही, कागद आणावा लागेल. बन्सीने मागितला तो कागद कचेरीत आहे. मी त्याची नक्कल मागायला गेले.

कलम पाचवे. यात मी कोणाला काही देत नाही. मला काय मिळाले ते लिहिते.

पहिल्या अर्जात मी त्या जागेला "विश्रांतिस्थान" म्हटले. प्रार्थनेत आम्ही हाच शब्द वापरतो. आमचे माणूस गेले की ते प्रभूमध्ये विश्रांती घेते. कागदावर तो शब्द शोभेल असे मला वाटले. अर्ज महालकरी कचेरीतून बांधकाम खात्याकडे गेला, तिथे त्याने सबंध पावसाळा काढला आणि शेरा घेऊन परत आला: "सदर गावी सरकारी विश्रांतिगृह नाही. मुक्कामाची सोय हवी असल्यास जवळच्या बंगल्यासाठी वेगळा अर्ज करावा." अर्जाच्या दुसऱ्याच ओळीत "येथे माझी आई सारा हिला पुरले आहे" असे लिहिले होते. एवढ्या हातांतून कागद गेला, एवढे शिक्के बसले, आणि दुसरी ओळ एकानेही वाचली नाही. माझ्या आईला मुक्कामाची सोय! तो कागद मी फाडणार होते. फाडला नाही. तो याकोबकडे आहे.

दुसऱ्या अर्जात मी "ख्रिस्ती लोकांची मुडदे पुरण्याची जागा" असे लिहिले. आईला मुडदा लिहिताना माझा टाक अडला. पण आता तरी समजेल असे वाटले, आणि समजलेही. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचून वर पाहिले.

"बाई, तुमचा या जमिनीशी संबंध काय?"

"माझी आई तिथे आहे."

"नाव लागले आहे का तिचे?"

"दगडावर लागले आहे."

"अहो, मालक म्हणून, कूळ म्हणून, गहाणदार म्हणून?"

"पुरलेली म्हणून."

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी ओरडले, "कायमचं कूळ म्हना की रावसाहेब!" सगळे हसले. कारकूनही हसला. मग टाक बुडवून त्याने लिहिले: "अर्जदार बाईचा मिळकतीशी संबंध दिसून येत नाही. सबब नामंजूर." संबंध असल्याशिवाय नक्कल मिळत नाही हे कोणत्या नियमात आहे, असे मी विचारले. त्यावर त्याने माझ्या डोक्याची चौकशी केली, ती वर लिहिलीच आहे. नियमाचे मी पुढे नगरच्या वकिलांना पत्राने विचारले. असा नियम आपल्या पाहण्यात नाही, असे त्यांचे उत्तर आले. ते उत्तर जोडून तिसरा अर्ज केला. शेरा तोच.

त्या कारकुनाचे नाव मला ठाऊक आहे. येथे लिहीत नाही. मधल्या काळात त्याची बदली झाली, आणि तिसऱ्या अर्जावरचा शेरा त्याच्या जागी आलेल्या माणसाचा आहे. तेव्हा सारे एका नावावर ढकलणे खरे होणार नाही. राग मात्र मी कमी करणार नाही. आमच्या घरी कोण जन्मले, कोण मेले, बैल किती, विहिरीला पाणी किती, हे सरकारला हवे असते. आम्ही सांगतो. आईच्या मरणाची वर्दी वडिलांनी त्याच संध्याकाळी चावडीवर जाऊन दिली, अंगावर कबरीची माती होती तशीच. तेव्हा त्यांना कोणी संबंध विचारला नाही. दप्तरात आहे ते सगळे आमच्याकडून नेलेले आहे. ते फक्त पाहू द्या म्हटले की आमचा संबंध तुटतो.

कलम सहावे. माझी काळी छत्री महालकरी कचेरीला द्यावी. नकलेच्या खिडकीबाहेर पडवी आहे, पण तीत पुरुष उभे राहतात. बाईला उन्हात उभे राहावे लागते. छत्री खिडकीशेजारच्या खुंटीला अडकवावी आणि जी बाई येईल तिने ती घ्यावी. छत्रीची एक काडी मोडकी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर मोडकी वस्तू देऊन सरकारला फसवले असे व्हायचे. कचेरीने ती नाकारल्यास नाकारल्याचा शेरा लेखी घ्यावा.

कलम सातवे. चांगुणाबाई वाबळे यांना मी काहीही देत नाही. माझा पितळी तांब्या त्यांना द्यावा असे मनात होते. पण मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष केल्यास ती देणगी बाद होते, असे वकिलांनी कळवले. मला त्यांना तांब्या देण्यापेक्षा त्यांचा अंगठा जास्त हवा आहे.

चांगुणाबाई बन्सीच्या आई. दवाखान्याची बातमी ऐकून त्या परवा आमच्याकडे आल्या. नेहमी अंगणाच्या कडेला उभ्या राहून बोलतात. परवा येऊन ओट्यावर बसल्या.

"मार्था, तुज्या आयचा दगूड मी वळखते," त्या म्हणाल्या. "तालीत हाय. पालथा हाय, पर हाय. तुजी आय आन् मी एका साली सासरी आलो. तिला पुरली तवा मी बाभळीखाली हुते. लई रडले मी, पर लांबनं."

मी म्हणाले, "मावशी, हे बन्सीला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्या पट्टीच्या शाळवाची भाकर म्या तोंडात घातली न्हाई बघ अजून. सून माजं पीठ येगळं दळती, आन् दळता दळता बोलती. बन्सीला म्हनलं, लेकरा, मानसं हायती तितं. तर मलाच म्हनतो, आये, तुजा काय संबंध?"

कचेरीतले मी त्यांना काही सांगितले नव्हते. कचेरीतला तो शब्द बन्सीच्या तोंडी कसा आला मला माहीत नाही. बहुधा तो सगळीकडे असाच वापरतात. मृत्युपत्र लिहायला घेतल्याचे मी त्यांना सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आंगठा कुटं लावायचा त्ये दाव."

कलम आठवे. मला पुरण्याच्या जागेचे वर्णन. पूर्वेस ओढा. दक्षिणेस मिरजगावकडे जाणारी गाडीवाट. पश्चिमेस बन्सी वाबळे याचे स्वतःचे वावर, व मध्ये दगडी ताल. उत्तरेस दुभंगलेल्या बुंध्याची बाभूळ. या चतुःसीमेच्या आत पुरलेली माणसे, मला पक्की ठाऊक आहेत तेवढीच: माझी आई सारा, आजोबा भीमा, जे बाप्तिस्म्यानंतरही भीमाच राहिले, बाळंतपणात गेलेली आत्या रूथ, आणि तिच्या कुशीत ठेवलेले तिचे मूल, ज्याचे नाव ठेवायचे राहिले. बाकीच्यांची नावे ज्यांना ठाऊक असतील त्यांनी आपापल्या मृत्युपत्रात लिहावीत.

मी मेले तर मला येथेच पुरावे. शाळवाची पेरणी तोंडावर आली आहे. पीक उभे असेल तर मला लागेल तेवढेच उपटावे, जास्त नाही. बन्सी आडवा आला तर याकोबने हे आठवे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना अडेल तिथे लोकल बोर्ड शाळेच्या गोरक्षनाथ मास्तरांनी मदत करावी. तालीतला दगड काढून "सारा" वर येईल असा ठेवावा. माझ्यासाठी वेगळा दगड नको. त्याच दगडावर खाली जागा आहे. मी जगले तर चौथा अर्ज करीन, आणि संबंधाच्या ओळीत "आई" असे लिहीन.

कलम नववे. हे मृत्युपत्र दवाखान्यात जाण्याआधी मी सब-रजिस्ट्रार यांच्याकडे नोंदवणार आहे. तेथील कारकुनाला हे सगळे, विश्रांतिगृहाच्या शेऱ्यासकट आणि चांगुणाबाईंच्या भाकरीसकट, सरकारी बुकात आपल्या हाताने उतरवून घ्यावे लागेल. वकिलांना मी एकच प्रश्न दोन पत्रांत विचारला, कारण पहिल्या उत्तरावर माझा विश्वास बसेना. दोन्ही वेळा उत्तर एकच आले: नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल, करणारा जिवंत आहे तोवर दुसऱ्या कोणाला मिळत नाही, तो मेल्यावर मागेल त्याला मिळते.

मागेल त्याला. म्हणून जागेच्या चतुःसीमा आणि माणसांची नावे मी येथे लिहिली आहेत. तुम्ही तुमचा कागद मला दाखवला नाहीत, मी माझा कागद तुमच्याच दप्तरात ठेवते. गावातल्या कोणीही जाऊन त्याची नक्कल मागावी. अर्जात संबंधाची ओळ असेल तर ती कोरी ठेवावी. या एका कागदापुरता तो प्रश्न विचारण्याचा कोणाला हक्क नाही.

खाडाखोड: कलम चौथ्यात "बळकावला" हा शब्द होता, तो खोडून "नांगरला" असा केला आहे, कारण मी तेवढेच पाहिले. कलम पाचव्यात "रडत" हा शब्द खोडला आहे. दोन्ही माझ्या हातचे, सहीपूर्वीचे.

मुक्काम निंबोडखेड, ता. १८ सप्टेंबर १९४६.

सही: मार्था शांतवन भिंगारदिवे

साक्षीदार:

१. गोरक्षनाथ विठोबा जगदाळे, मास्तर, लोकल बोर्ड शाळा, निंबोडखेड. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. चांगुणाबाई, धोंडी वाबळे यांची विधवा, राहणार निंबोडखेड. डाव्या हाताचा अंगठा. बाईंनी यांच्यासमोर सही केली व सर्व मजकूर यांना वाचून दाखवला. त्यांनी सांगितले तसे लिहिले: "वढा, गाडीवाट, ताल, बाभळ, समदं बराबर हाय. मी तितं हुते." दस्तुर गोरक्षनाथ जगदाळे.