भुंग्यांना राख

सुभानपुरा, बडोदे

प्रिय उत्कर्षा,

फोन सोडून आईनं पत्र लिहिलं म्हणजे हिचं डोकं फिरलं की काय, असं वाटेल तुला. ठिकाणावर आहे अजून. पण फोनवर तुझा आवाज जरा चढला की मी गोड बोलून वेळ मारून नेते, आणि ते या खेपेला करायचं नाही.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत पुन्हा कमरेएवढं झालंय, पांढऱ्या फुलांनी भरलंय. या मेल्या गवतापायी तुझा दम वाढला आणि तुला अहमदाबादला खोली घ्यावी लागली. गेल्या वर्षी तू आणि शेजारचे फत्तेसिंहरावकाका हे गवत खाणारे डबाभर भुंगे घेऊन आलात, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. लोक किडे घराबाहेर टाकतात, माझी लेक डब्यात घालून आणते! पण खरं सांगते, देखणे होते गं. डाळीएवढा जीव, दुधाळ अंगावर चॉकलेटी पट्टे. काका सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभे राहायचे, पानाखालची पिवळी अंडी मला दाखवायचे. अळ्या शेंडे खातात म्हणून फूल धरत नाही, मग त्या मातीत उतरतात आणि भुंगे होऊन वर येतात, असं सगळं समजावायचे. मी आपली हो हो म्हणत तोंडली तोडायची.

यंदा पावसात ते आपणहून मातीतून वर आले आणि गवताची चाळण केली. काकांनी तुला फोटो पाठवला. तुझा मला मेसेज आला, ‘आई, भुंग्यांना राख.’ तू बडोद्यात वाढलेली, तुझं राख म्हणजे गुजराती राख, सांभाळ म्हणून सांगणारं. मी वाचलं ते चुलीतलं. साताऱ्याला माझी आई भोपळ्याच्या वेलावर किडा दिसला की राखच भुरभुरायची. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर राख आणली आणि दुपारी सगळे झोपलेले असताना प्लॉटभर उधळली.

हसू नकोस. इतकी वर्षं भाजीवाल्यांशी गुजरातीत कचाकचा भांडणारी बाई मी. मला राखचा अर्थ कळला नाही? क्षणभर कळला होता, उत्कर्षा. पण तोंडलीच्या वेलावर एक भुंगा बसलेला दिसला होता, आणि त्याहून मोठं म्हणजे मला राग आला होता. तुझा फोन आला की आधी भुंगे, मग काका, मग उरलं तर आईचे गुडघे. किड्यांचा हेवा वाटला मला, या वयात. राखेनं ते मरेनात, तेव्हा मी तिच्यात मुंग्यांची पावडर कालवली. ती घालायला तर कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि भुंगे कसे मेले म्हणून तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, काकांनीच काही औषध मारलं असेल, त्यांना डासांचा फार त्रास. जीभ झडली कशी नाही माझी! तू त्यांना काय लिहिलंस, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून ते कुंपणाशी आले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. बरंच झालं म्हटलं, विषय मिटला.

काल त्यांच्या दारात खोकी बांधलेली दिसली. रविवारी ते कायमचे मुलाकडे इंदूरला निघालेत. मी गेले आणि सगळं सांगून टाकलं. तर म्हणाले, मला माहीत आहे, वहिनी, मी गच्चीतून पाहत होतो. मग पोरीला सांगितलं का नाहीत, म्हणून मीच उलट भांडायला लागले. ते म्हणाले, शेजारी काय, आज आहे उद्या नाही; तिला आई एकच आहे. त्यांनी मला चहासुद्धा पाजला, आणि मी तो प्यायले. म्हणून हे लिहितेय. तुझ्या शिव्या पोटात घेऊन तो माणूस घर सोडून चाललाय, आणि त्या शिव्या माझ्या आहेत. पत्र मिळताच आधी त्यांना फोन कर. मला नंतर कर, आणि मी गोड बोलायला लागले तर ऐकून घेऊ नकोस.

तुझीच, तरीही तुझीच,
आई