समोरचा काठ

कोरपना,
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

आदरणीय गुणवंतराव गुरुजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र काल भेटलं. आम्ही इथी बरे आहो. घरवाली सीता तुमच्या गुडघ्याची चौकशी करून राह्यली. इकडं कापूस फुटला, पण साऱ्या बोंडायवर कारखान्याची धूळ. बरं.

गुरुजी, लटारू मडावीले ठाण्यात देऊ नका. आधी एवढं वाचा, मंग बाकीचं.

तुमी लिहिता, बायकोच्या माळेतला, चावा घेतल्यासारखा रुपया घेऊन तो आला. "हे असं काऊन आहे जी?" एवढंच विचाराले. आन तुमी कुरखेड्याच्या भर बाजारात त्याले लबाड म्हटलं, नाणं ठेवून घेतलं, गुरुवारी फौजदाराले देनार. काऊन, तर चाव्याच्या बरोबर समोरचा काठही बसका आहे, म्हणजे त्यानं दोन जागी कानस मारली. आन तुमच्या जुन्या नाण्यायच्या पेटीतल्या, तसल्याच चावलेल्या अस्सल रुपयाचा समोरचा काठ कसा भरदार!

अहो, तिथंच तर गोम आहे.

आमच्या वर्कशापात पत्र्यातून वाशर कापतो. पत्रा नीट सरकला नाई, तर ठोका जुन्या भोकावर पडते आन चावलेला वाशर निंघते. टाकसाळीतही तसंच होते. मंग तसल्या चकतीचा काठ उचलाले मशीन दाबते, तवा चाव्याच्या समोर दाबच बसत नाई. तिथला काठ बसका राह्यते. हे खऱ्याचं लक्षण आहे गुरुजी, खोट्याचं नाई. टाकसाळीतून निंघाल्यावर कोनी कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ भरदारच राह्यनार, तिकडं कोनी हात लावला?

आता तुमी विचारान, पेटीतलं मंग काय?

चार वर्सं झाली, हे टाळून राह्यलो. टाकसाळीची चूक म्हणून मीच तुमाले आणून दिलं होतं ते. ते मी कापलं. जेवणाच्या सुट्टीत, गोल कानशीनं. तुमचे जुने विद्यार्थी कुठून कुठून नाणी आणून देत, माह्या हाती कधी काई लागे नाई. तुमी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "श्रावण, नजर आहे गा तुले!" तवाच सांगाचं होतं. जीभ रेटली नाई.

त्याच खोट्यावरून तुमी आज खरं पारखलं. लटारूनं काईच केलं नाई. भर बाजारात बोललात, तर भर बाजारातच परत घ्या, आन माह्यं नाव घ्या.

नाणं कापनं गुन्हा आहे, मले ठाऊक आहे. नोकरी जाईल. सीतेले सकाळी सांगतलं. लई भेव वाटते गुरुजी.

टपालाचा भरवसा नाई, म्हणून हे एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. बुधवारी मी निंघतो. गाडी चुकली तर हेच पत्र फौजदाराले द्या, माह्यी जबानी समजून. म्हणून खाली पुरं नाव लिहितो. तुमचा विद्यार्थी, असं लिहाची हिंमत होत नाई.

ज्यानं नाणं कापलं तो,
श्रावण देवाजी खोब्रागडे