अंगणात अंथरायचा नकाशा

गुरुजी, तुम्ही दिलेल्या नकाशाचं मी काय केलं ते आज लिहून टाकतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आता छडी उगारायची तुमची सोय राहिली नाही, म्हणूनच हा धीर. तो नकाशा गेली चार वर्षं शाळेच्या टीव्हीवर पांघरलेला होता. धूळ बसू नये म्हणून. मला इथंच, तुमच्याच शाळेवर नेमणूक मिळाली तेव्हा तुम्ही मुद्दाम तुमच्या गावाहून, दिंद्रुडहून एसटीनं आला होतात, काखेत ती कापडी गुंडाळी घेऊन. "भिंतीला टांगू नको. जमिनीचं चित्र हाय, जमिनीवरच अंथर," म्हणालात. मी हो म्हणालो, पाया पडलो आणि सोयीस्करपणे विसरलो.

अजून डोळ्यांपुढं दिसतं, मी तुमच्या वर्गात चौथीत आहे. तुम्ही अंगणात महाराष्ट्र अंथरता, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवता आणि नागपूर उगवतीला येईपर्यंत तो फिरवत राहता. मग म्हणता, "पाय धुऊन या अन् उभं ऱ्हावा." आम्ही वहीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी पोरं, नकाशावर पाय कोण ठेवणार? शेवटी तुम्हीच चपला काढून सोलापुरावर उभे राहता आणि आम्ही हसतो. मला विचारता, उत्तर कुठं? मी शहाणपणानं आभाळाकडं बोट करतो. "वर काय हाय बे? वर कावळे हायत. उत्तर माजलगावाकडं हाय." त्या दिवसांत माझा बाप मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेला असायचा, कुणाकुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. त्याच्या आठवणीनं मी रडकुंडीला यायचो, हे तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. तुम्ही माझं बखोट धरून मला नकाशावर आपल्या गावाच्या जागी, धारूरजवळ उभं केलंत, तोंड गोदावरीकडं वळवलंत आणि वाकून बोटं मोजलीत. "हे बघ, चार बोटांवर हाय तुजा बाप. असाच सरळ म्होरं." त्या रात्री मला नीट झोप लागली.

आणि मी काय केलं? धारूरहून पेंटर आणला आणि वर्गाच्या पूर्वेच्या भिंतीवर झकास रंगीत नकाशा काढून घेतला. पाहुणे येतात, फोटो काढतात, मी बाजूला उभा राहतो. पोरं पटापटा जिल्हे दाखवतात. माझी छाती फुगते.

यंदा चौथीत एक मुलगी आहे. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेत, ती आजीजवळ राहते. दिवाळीनंतर तिनं विचारलं, "सर, माजी माय कुठल्या अंगाला हाय?" मी खुर्चीवरून न उठता पट्टीनं भिंतीवर दाखवलं, ही बघ, इथं, खाली डावीकडं. झालं. त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन शाळेच्या डाव्या कुंपणापाशी जाऊन बसायची. एकटी, तिकडं तोंड करून. मला वाटलं, सावलीला बसत असेल. दोन महिने मला तसंच वाटत होतं.

एकदा मी हटकलं, तेव्हा ती म्हणाली, "माय इकडंच हाय न्हवं? तुमीच दाखिवलंत की." मला हसू आलं. सगळी पोरं भोवती होती, त्यामुळे जरा मोठ्यानंच आलं. "अगं येडे, तिकडं माजलगाव हाय! कोल्हापूर तुज्या पाठीमागं." पोरंही खिदळली. तिनं मागं वळून पाहिलं, परत भिंतीकडं पाहिलं. "मंग नकाशा खोटा हाय का?" मी म्हणालो, "नकाशा कसा खोटा असंल? तुला बघता येत न्हाई." गुरुजी, पूर्वेच्या भिंतीकडं तोंड केल्यावर डाव्या हाताला उत्तर येते, हे मला त्या क्षणीच उमगलं होतं. पोर बरोबर होती. मी दाखवलं तिकडंच ती बघत होती. तरी मी तसं बोललो, कारण चाळीस डोळे माझ्याकडं लागले होते. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गातच, ताटात तोंड घालून जेवू लागली. कुठल्याच दिशेला बघेना.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. मग काल सकाळी टीव्हीवरून नकाशा काढला, झटकला आणि अंगणात अंथरला. दगड ठेवले, नागपूर उगवतीला आणलं. पोरांना म्हणालो, पाय धुऊन या. यांनाही तसाच संकोच! मीच चपला काढून सोलापुरावर उभा राहिलो, मग ती आली. मी तिला धारूरपाशी उभं केलं, खांद्याला धरून वळवलं, हातानं अंतर मोजलं. "हातभर हाय तुजी माय. असंच सरळ." ती बराच वेळ गावामागच्या डोंगराच्या अंगाला बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी सर, मी इतके दिस उलटीकडंच बघत व्हते?"

इथंच सांगायला हवं होतं. वाक्य दोन शब्दांचं होतं, माझं चुकलं. वर्ग ऐकत होता, तीही वाट बघत होती. तुम्ही असता तर तिच्यापुढं कान धरून उभे राहिला असतात, तुम्हाला त्याची कधी लाज वाटली नाही. मला वाटली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, नकाशाच्या गुंडाळीत ठेवून देतो. फक्त एवढं तुमच्या कानावर असू द्या. मी तिला म्हणालो, "तुजं न्हाई चुकलं बाळ, भिंतीवरचा नकाशाच खोटा हाय." आणि तिला ते लगेच खरं वाटलं.