आमच्या गल्लीचा केंद्रबिंदू

२ जानेवारी
पालिकेचं पत्रक आलं. हवा सुधारण्याच्या आराखड्यात नागरिकांनी सहभागी व्हावं, गल्लीगल्लीत समिती नेमावी. लगेच नेमली. अध्यक्ष: मी. सदस्य यथावकाश.

हे नुसतं समाजकार्य नव्हे. चिमणीचा, म्हणजे नातीचा, खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. काल जेवताना सूनबाईने शांतपणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत इथला धूर थांबला नाही तर ते तिघं गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायला जाणार. मुलगा ताटात बघत होता. म्हणजे दोघांचं ठरलेलं. चिमणी गेली तर मी सकाळी उठायचं कोणासाठी? धूर शोधून काढणार. काढणारच.

३ जानेवारी
संकल्प: रोज सकाळी घरोघर जागृती. गल्ली लांब, गुडघे जुने, तेव्हा स्कूटरवरून. आमच्या महाराणीला थंडीत आधी निवांत गरम करावं लागतं. झोपेतून उठलेल्या माणसाला कोणी लगेच पळवतं का? वर्षानुवर्षं चिमणीच्या खिडकीखालीच उभी करतो. फटफट ऐकली की ती धावत येऊन टाटा करते. हल्ली खिडकी बंद ठेवतात, त्यामुळे काचेआडून टाटा. सगळी त्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या धुराची कृपा.

५ जानेवारी
बेकरीवाल्याविरुद्ध पालिकेत तक्रार. भट्टी आली की लाकडं आली, लाकडं आली की धूर आला. याला काय पुरावा लागतो?

८ जानेवारी
पालिकेचा इन्स्पेक्टर आला. बेकरीवाल्याने भट्टी उघडून दाखवली. विजेवर चालते. वर्ष झालं म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. (ही म्हणते, तिने सांगितलं होतं. ही बरंच काही सांगते.) बेकरीवाला म्हणाला, काका, आता पाव विकत घ्यायला आलात तरच या.

इन्स्पेक्टर मात्र दर्दी माणूस. जाताना नाकाला रुमाल लावून त्याने विचारलं, बाहेर चालू ठेवलेली स्कूटर कोणाची? अभिमानाने सांगितलं. त्याने नंबर टिपून घेतला. मॉडेल आवडलेलं दिसतं.

११ जानेवारी
गच्चीवर समितीची पहिली सभा. उपस्थिती: मी आणि समोरचे भूगोलमास्तर. मास्तर रिटायर झाले तरी समोरच्याला वर्गात बसवल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, भाषणं पुरे, गल्लीचा नकाशा लावू; धूर जिथून येतो तिथे प्रत्येकाने लाल ठिपका चिकटवायचा. मूळ कल्पना माझीच. ते आधी बोलले एवढंच.

१३ जानेवारी
नकाशा आमच्या जिन्यात लावला. पहिला ठिपका अध्यक्षांनी लावायचा म्हणून गेलो, तर आधीच तीन लागलेले. लोकांचा उत्साह! घाईत नीट बघितलं नाही. माझा ठिपका बेकरीवर. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१८ जानेवारी
नकाशा भरला! बेकरीवर एक ठिपका (माझा). बाकीचे सगळे आमच्या फाटकावर. दाटीवाटीने, एकावर एक. डोळ्यांत पाणी आलं. सूचना लोकांना कळली नाही हे उघड आहे, पण भावना पोचली. गल्लीचा केंद्रबिंदू कोण, हे जनतेने न सांगता सांगितलं. हिला ओढून नेऊन दाखवलं. ही म्हणाली, चष्मा लावा. लावला. ठिपके तेवढेच.

जनतेचे आभार मानायला महाराणीवरून दोन फेऱ्या जादा मारल्या. खिडक्या धडाधड बंद झाल्या. वारा असावा.

२१ जानेवारी
आज सभेला खच्चून गर्दी. मुलगा, सूनबाईसुद्धा. सत्कार गृहीत धरून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मास्तरांनी छडीने नकाशावर फाटक दाखवलं आणि म्हणाले, इथून. मी विचारलं, काय इथून? मास्तरांनी छडी गच्चीच्या कठड्यावरून खाली नेली. सगळे वाकून बघू लागले. मीही वाकलो.

खाली महाराणी चालू होती. सभा संपत आली होती आणि गरम व्हायला तिला वेळ लागतो.

घरी आल्यावर हिला विचारलं, ही चळवळ सुरू कोणी केली? म्हणाली, पहिला ठिपका माझा. दुसरा सूनबाईचा. तिसरा चिमणीचा, तिचा हात पोचेना म्हणून मुलाने तिला उचलून धरलं. म्हणजे कोरम घरातच पूर्ण.

२२ जानेवारी
आक्षेप: महाराणीचा धूर निळा असतो. घातक धूर काळा. हा फरक भूगोलवाल्यांना काय कळणार? दिवसभर कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी घरात रिकामी खोकी आली. टेम्पो रविवारी. एका खोक्यात चिमणीने स्वतःच्या बाहुल्या भरल्या. भरता भरता खोकत होती. फार वाईट वाटलं.

२३ जानेवारी
तोडगा: महाराणी गल्लीच्या पार टोकाला नेऊन गरम केली. तिथे टाटा करायला कोणी नाही. बंद केली. तशीच बसून राहिलो तिच्यावर. इतकी वर्षं सकाळी सकाळी त्या खिडकीखाली मी काय करत होतो, ते डोक्यातून जाईना.

२४ जानेवारी
भंगारवाल्याला विचारलं. म्हणाला, चालवत घेऊन या. म्हटलं, चालू करणार नाही. ढकलत नेली. चढावर दम लागला. बेकरीवाला बाहेर आला, मागून ढकलू लागला. चढ संपल्यावर म्हणाला, काका, वजन आहे हो बाईसाहेबांना.

मुलाने टेम्पोवाल्याला महिनाभर थांब म्हणून सांगितलं. महिनाभर. एवढं खूप झालं.

पायी परत आलो. चिमणीची खिडकी सताड उघडी. खाली उभा राहिलो. टाटा नाही. नसणारच, ती फटफट ऐकून येते, आणि फटफट भंगारात. इकडे तिकडे बघितलं, गल्लीत कोणी नव्हतं. तोंडाने फट् फट् फट् असा आवाज काढला. जरा मोठ्याने. चिमणी धावत आली आणि दोन्ही हातांनी टाटा केला. मग ओरडली, आजोबा, अजून गरम करा!

केलं. समोरच्या गॅलरीत भूगोलमास्तर उभे होते. बघू देत. थोड्या वेळाने खोकला आला, पण तो मला.