घुमणारा आवाज

सूनबाईस,

अनेक आशीर्वाद, सध्या हातचे राखून.

ऐन थंडीत आम्हा दोघांना शेजारच्या देशात समुद्रावर धाडलंत, तेव्हाच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. एरवी मला डॉक्टरकडे न्यायला तुम्हाला वेळ नसतो. इथे ऊन छान आहे, वाळू ऊबदार आहे, आणि तू रोज फोनवर विचारतेस, "आई, अजून थोडे दिवस राहता का?"

काल तुझा आवाज घुमत होता. आपल्या हॉलमध्ये आवाज एकदाच घुमला होता, आम्ही राहायला आलो तेव्हा. सामान यायचं होतं. तू म्हणालीस, "भिंतींना रंग देतोय." रंगासाठी सामान मधोमध ओढतात गं, घराबाहेर काढत नाहीत. माझे केस उन्हानं पांढरे झालेले नाहीत. घर तुमच्या नावावर करताना मी ह्यांना थांबा म्हटलं होतं.

हे पत्र आजच टाकणार होते. पण खिडकीतून तुझे सासरे दिसतायत. पाण्याला जन्मभर घाबरलेला माणूस आज छातीभर पाण्यात उभा राहून मला हात करतोय. पोरांनी हौसेनं पाठवलंय, असं त्यांना अजून वाटतंय.

परत येईपर्यंत वाटू दे.

तुझी,
सगळं ऐकू येणारी सासू