भिंतीपलीकडचा खड्डा

बेलवली, बदलापूर
१९९३

नाथा भावजी,

उद्या मी तुमच्या भिंतीला लागून संडासाच्या टाकीचा खड्डा खणतेय. शेजाऱ्याला आधी कळवायचं आणि त्याची भिंत सावरून धरायची, असा कायदा आहे, वकील सांगत होते. गेल्या साली तुमची टाकी खणताना तुम्ही दोन्हीतलं काही केलं नाही. तुमचे भाऊ म्हणाले, "नाथा, आमच्या भिंतीखालची माती सुटतेय, टेकू लाव." तुम्ही म्हणालात, "माझ्या जागेत मी पाताळापर्यंत खणीन!" दुसऱ्या दिवशी ते रातपाळी करून आले, त्याच भिंतीशी झोपले आणि भिंत त्यांना घेऊन तुमच्या खड्ड्यात गेली. खांदा देताना सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच रडत होतात.

आज गवंड्यानं चुन्यानं आखलेलं तुम्ही तीनदा येऊन बघून गेलात. विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

त्या भिंतीशी तुमची पोरं झोपतात. कुदळ लागायच्या आधी बल्ल्यांचे टेकू लागतील, गवंड्याला मी तसं बजावलंय.

हे तुम्हाला कळवणार नाही, पत्र माझ्यापाशीच राहील. आजची रात्र तुम्ही भिंतीकडे बघत काढा.

तुमच्या भावाची बायको,
राजाबाई